आमच्या पूर्वजांचं काय?

फ्रिजिया म्हणजे आजच्या हॉलंडच्या किनारपट्टीचा भाग. तिथे सातव्या-आठव्या शतकात राडबोड नावाचा राजा होता. तो इ.स. ७१९ मध्ये वारला. त्याची एक गोष्ट सांगतात. वुल्फ्राम नावाचे बिशप त्याला बाप्तिस्मा द्यायला आले, राजा तयार झाला, पाण्याच्या कुंडात त्याने एक पाय टाकलासुद्धा. आणि दुसरा पाय उचलायच्या आधी त्याने सहज विचारलं, की माझ्या आधीचे फ्रिजियाचे राजे, सरदार, माझे वाडवडील सध्या कुठे आहेत? तुम्ही सांगता त्या स्वर्गात, की त्या नरकात? बिशप खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, बाप्तिस्मा न घेता मेले, तेव्हा नरकातच. राजाने पाय बाहेर काढला. मूठभर परक्या लोकांबरोबर स्वर्गात बसण्यापेक्षा मी आपला माझ्या माणसांत जाईन, असं म्हणून तो चालता झाला.

ही गोष्ट घडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मठात लिहिली गेली आणि इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. तरी मला ती महत्त्वाची वाटते, कारण ती लिहिणारे राडबोडच्या बाजूचे नव्हते. ते ख्रिस्ती साधू होते आणि हट्टी राजाची फजिती सांगायला बसले होते. पण गोष्ट वाचून झाल्यावर लक्षात राहतो तो बाहेर काढलेला पाय.

गेले काही महिने मी या एकाच प्रश्नाच्या मागे आहे. ख्रिस्ती धर्मात अनंतकाळच्या शिक्षेवर जो वाद झाला तो पुष्कळसा आपापसांतला. ग्रीक शब्दांचा, पोथ्यांचा, परिषदांचा. पण त्या वादाला पुन्हा पुन्हा टोचणी लागली ती बाहेरच्यांकडून, म्हणजे ज्यांना धर्मात घ्यायला गेले त्यांच्याकडून. आणि त्यांचा प्रश्न दर वेळी तोच होता, राडबोडचा!

आधी थोडी पार्श्वभूमी. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, रागावणार नाही.) तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने अशी आशा मांडली होती की शेवटी सगळे जीव शुद्ध होऊन देवाकडे परत जातील. नरक आहे, पण तो भट्टीसारखा, मळ जाळणारा. इ.स. ५५३ च्या सुमारास ओरिजेनच्या नावाशी जोडलेल्या या मतांचा निषेध झाला. पाश्चात्त्य चर्चवर छाप पडली ती पाचव्या शतकातल्या ऑगस्टिनची. त्याचा युक्तिवाद साधा आणि घट्ट होता. मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी एकाच वाक्यात शिक्षेला आणि जीवनाला एकच विशेषण लावलंय, ग्रीकमध्ये 'आयोनिओस'. आपल्या मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'सार्वकालिक' हा शब्द आहे. मग शिक्षा कधीतरी संपते असं म्हणाल तर स्वर्गातलं जीवनही संपतं असं म्हणावं लागेल! यावर उत्तर देणं सोपं नाही, आणि पुढची हजारेक वर्षं फारसं कुणी दिलंही नाही. ज्यांना येशूचं नावच कानावर पडलं नाही अशा सज्जनांचं काय, हा प्रश्न मात्र सगळ्यांना छळत असणार. दान्तेने चौदाव्या शतकात आपल्या महाकाव्यात व्हर्जिल, होमर, अॅरिस्टॉटल या मंडळींना नरकाच्या पहिल्या वर्तुळात ठेवलं. यातना नाहीत, पण सुटकेची आशाही नाही. व्हर्जिलवर दान्तेचं अतोनात प्रेम होतं, तरी त्याला तो स्वर्गात नेऊ शकला नाही.

आता गोव्याकडे येऊ. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये ज्यांचं शव ठेवलेलं आहे ते फ्रान्सिस झेवियर आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेत. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. १५४८ मध्ये गोव्यातच आंजिरो नावाच्या एका जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला आणि त्यालाच बरोबर घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ ला जपानच्या कागोशिमा बंदरात पोचले. दोन वर्षांहून थोडे अधिक दिवस ते तिथे राहिले. परत आल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून त्यांनी युरोपातल्या आपल्या बांधवांना एक लांबलचक पत्र लिहिलं. या सगळ्या विषयातला मला सर्वात हलवून गेलेला कागद हाच.

झेवियर लिहितात की यामागुची गावच्या लोकांना बाप्तिस्म्याच्या आधी एक मोठी शंका होती. तुमचा देव जर इतका दयाळू, तर तुम्ही येईपर्यंत तो आम्हाला का दिसला नाही? आणि त्याला न भजणारे सगळे नरकात जात असतील तर आमच्या पूर्वजांवर त्याने दया केली नाही असंच ना? झेवियरनी यावर उत्तर दिलं, की देवाचा कायदा प्रत्येकाच्या मनात आधीपासूनच लिहिलेला असतो. डोंगरात एकटा वाढलेला, काही न शिकलेला माणूसही खून आणि चोरी वाईट हे जाणतो. या उत्तराने लोकांचं समाधान झालं असं ते म्हणतात, आणि बरेच जण ख्रिस्ती झाले.

पण पत्र इथे संपत नाही. ज्यांचं 'समाधान झालं' ते लोक नंतर रडत होते. आईबाप, बायको, मुलं, जी आधीच गेली त्यांच्यासाठी काही करता येईल का? दानधर्म? प्रार्थना? (जपानी बौद्धांमध्ये मेलेल्यांसाठी हे सगळं करायची रीत होतीच, जशी आपल्याकडे आहे.) झेवियरनी सांगितलं, आता काही उपाय नाही. आणि मग ते प्रांजळपणे लिहितात की आपल्या जिवलग मित्रांना असं रडताना पाहून मलाही दुःख होतं.

मी हे वाचून बराच वेळ थांबलो. झेवियर यांच्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत, त्यात मला पडायचं नाही. मला दिसतो तो एक प्रामाणिक माणूस. समोरच्याचं दुःख त्याला कळतंय, आणि तरी त्याच्या श्रद्धेत त्या दुःखावर द्यायला काहीही नाही. खोटा दिलासा देणं त्याला सहज जमलं असतं, पण त्याने तो दिला नाही. त्या रडणाऱ्या लोकांनी नवा धर्म सोडला असंही नाही. कुणी राडबोडसारखा पाय बाहेर काढतो, कुणी दोन्ही पाय आत टाकून आयुष्यभर मागे वळून बघत राहतो.

यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं पुढे, काशीला. जॉन म्यूर नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी संस्कृतचा मोठा जाणकार होता. त्याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत श्लोकबद्ध ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती धर्मच खरा कसा, हे पंडितांना त्यांच्याच भाषेत पटवण्यासाठी. पंडितांनीही संस्कृतातच उत्तरं दिली. त्यातलं एक उत्तर लिहिणारा मुलगा जेमतेम १९-२० वर्षांचा होता. नाव नीलकंठ गोरे (कुणी गोऱ्हे असंही लिहितं). बुंदेलखंडात १८२५ साली जन्मलेला, काशीत वाढलेला, चित्पावन. त्याच्या १८४४-४५ च्या ग्रंथाचं नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'.

त्यातले आक्षेप नीट बघण्यासारखे आहेत. एका छोट्याशा आयुष्यात माणूस करून करून किती पाप करणार? मर्यादितच. मग त्याला अमर्याद शिक्षा हा कुठला न्याय? आणि ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताची वार्ता पोचलीच नाही त्यांचा दोष काय? आमच्याकडे निदान पुन्हा जन्म आहे, पुन्हा संधी आहे, नरक आहे पण त्याला मुदत आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने यामागुचीचाच प्रश्न न्यायशास्त्राच्या भाषेत मांडला होता, झेवियरचं पत्र त्याने पाहिलं असण्याची काहीच शक्यता नसताना.

आणि गंमत म्हणा की नियती, हाच नीलकंठ काशीच्या मिशनऱ्यांशी वाद घालता घालता आतून बदलत गेला आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. नीलकंठचा नेहेम्या झाला. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ज्या फादर गोरे यांचा उल्लेख येतो, ज्यांच्या लिखाणाचा रमाबाईंच्या १८८३ च्या धर्मांतराशी संबंध आहे, ते हेच. पण त्यांच्या जुन्या प्रश्नाचं काय झालं ते सांगण्याआधी इंग्लंडात जाऊन यायला हवं, कारण गोरेही तिथे गेले होते. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग विलायतेला गेला तेव्हा त्याच्याबरोबर नेहेम्या गोरे होते.

ते पोचले त्याच्या काही महिने आधीच लंडनमध्ये मोठा गदारोळ झाला होता. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक. त्यांनी १८५३ मध्ये एका पुस्तकात लिहिलं की 'सार्वकालिक' या शब्दाचा अर्थ न संपणारा काळ असा घेऊ नये. देवाच्या सान्निध्याला जीवन म्हटलंय आणि त्याच्यापासून तुटण्याला शिक्षा, तिथे घड्याळ लावायचं कारण नाही. म्हणजे ऑगस्टिनच्या त्या घट्ट गाठीला त्यांनी वेगळ्या टोकाने हात घातला. कॉलेजने त्यांना काढून टाकलं.

मॉरिस यांचे एक मित्र जॉन विल्यम कोलेंझो. ते १८५३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप झाले. तिथे ते झुलू भाषा शिकले, झुलू लोकांच्या मदतीने बायबलचं भाषांतर करू लागले. भाषांतर करताना शेजारी बसलेला माणूस प्रश्न विचारतोच! १८६१ मध्ये कोलेंझोंनी पौलाच्या रोमकरांस पत्रावर भाष्य प्रसिद्ध केलं आणि त्याच्या शीर्षकातच सांगितलं की हे मिशनरी दृष्टिकोनातून लिहिलंय. त्यात त्यांनी अनंत यातनांचा सिद्धांत सरळ नाकारला. न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांना देव कायमचं जाळतो हे झुलूंना सांगणं त्यांना अशक्य झालं होतं. केप टाउनला १८६३ मध्ये त्यांच्यावर पाखंडाचा खटला झाला, पदावरून काढल्याचा निकाल लागला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निकाल अवैध ठरवला. पुढे इंग्रज सरकारने झुलूंवर अन्याय केला तेव्हा हेच बिशप त्यांच्या बाजूने उभे राहिले. झुलू त्यांना 'सोबांतू' म्हणत, म्हणजे लोकांचा बाप. मला हा योगायोग वाटत नाही. जो माणूस समोरच्याच्या आजोबांना नरकात पाठवायला तयार नाही, तो त्याच्या जमिनीचाही विचार करतो.

मधल्या काळात आणखी एक खटला झाला. १८६० च्या एका निबंधसंग्रहात हेन्री विल्सन या धर्मगुरूने सगळे शेवटी तरतील अशी आशा व्यक्त केली होती. प्रिव्ही कौन्सिलने ८ फेब्रुवारी १८६४ ला निर्णय दिला की अशी आशा बाळगणं चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांत गुन्हा ठरत नाही. (या चर्चच्या १५५३ च्या कलमांत 'सगळे तरतील' म्हणणाऱ्यांचा निषेध करणारं कलम होतं, १५६३ च्या सुधारित यादीत ते गाळलं गेलं होतं.) लोकांनी विनोद केला की कोर्टाने नरकाचा दावा खर्चासकट फेटाळला. पण सगळे हसत नव्हते. जवळपास ११,००० धर्मगुरूंनी सह्या करून जाहीर केलं की शिक्षा अनंतच आहे.

एक नाव तर आपल्या अगदी जवळचं. फ्रेडरिक फरार. जन्म १८३१, मुंबईचा. वडील नाशिकला मिशनरी होते. हा मुलगा इंग्लंडात शिकून मोठा धर्मगुरू झाला आणि १८७७ च्या हिवाळ्यात वेस्टमिन्स्टर अॅबेच्या व्यासपीठावरून त्याने सांगितलं की बहुसंख्य मानवजात कायमची यातनांत पडते हे मी मानत नाही, मरणानंतरही आशा आहे. ही प्रवचनं पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. ऑक्सफर्डचे कडवे परंपरावादी प्यूसी यांनी १८८० मध्ये उत्तर दिलं. पण त्या उत्तरातसुद्धा त्यांना मान्य करावं लागलं की बहुतेक माणसं नरकातच जातात असं चर्चने कधीच ठरवलेलं नाही.

आता गोऱ्यांकडे परत. इंग्लंडात एवढं मंथन चाललेलं असताना, तिथले धर्मगुरू एकेक करून त्यांच्या तरुणपणीच्या बाजूला सरकत असताना, नेहेम्या गोरे कुठे उभे होते? तर दुसऱ्या बाजूला! अनंत शिक्षेच्या सिद्धांतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणारं लिखाण त्यांनी इंग्रजीत केलं. म्हणजे विशीतल्या नीलकंठशास्त्र्यांना फादर गोऱ्यांनी उत्तर दिलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की हे देवाने प्रकट केलेलं आहे, आपल्या बुद्धीला पटो न पटो. ज्यांनी त्यांच्यावर लिहिलंय ते सांगतात की ही शंका त्यांना पुरती सोडून कधीच गेली नाही. आणि का जाईल? म्यूरसाठी हा सिद्धांत होता. गोऱ्यांसाठी 'न तारले गेलेले' म्हणजे नावं असलेली माणसं होती, काशीतली सगळी गुरुपरंपरा होती. १८९५ मध्ये मुंबईला ते वारले. ख्रिस्ती म्हणून लिहिलेली त्यांची पुस्तकं त्यांच्या हयातीतच छापली गेली. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' मात्र हस्तलिखितातच राहिला आणि १९५१ साली उज्जैनहून छापून आला.

रोमन कॅथलिक चर्चची भूमिकाही बदलली. चर्चबाहेर कुणीच तरत नाही, याचा अगदी शब्दशः अर्थ घेणारे बॉस्टनचे फादर फीनी यांना १९५३ मध्ये बहिष्कृत करण्यात आलं, वरिष्ठांचं न ऐकल्याबद्दल. आणि २१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृतपणे लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. झेवियरनी यामागुचीत जे अर्धं उत्तर दिलं होतं, मनात लिहिलेला कायदा, तेच पुरतं लिहायला ४०० वर्षं लागली. वाद अजून मिटलेला नाही. २०११ मध्ये अमेरिकेत रॉब बेल या पाळकाच्या पुस्तकावरून पुन्हा तोच गदारोळ झाला.

आता आपल्याबद्दल दोन शब्द, कारण हे वाचून आमच्या काही नातेवाईकांना आनंदाच्या उकळ्या फुटणार याची मला कल्पना आहे. "बघा, आपल्याकडे कसं..." वगैरे. थांबा जरा. आपल्याकडचे नरक मुदतीचे आहेत हे खरं. सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही पाणी मिळतं, तर्पणात आप्त नसलेल्यांचीही आठवण काढतात, हे मला फार मोलाचं वाटतं. यामागुचीच्या रडणाऱ्या माणसांना नेमकं एवढंच हवं होतं. पण ज्या कर्मसिद्धांतामुळे आपला नरक मुदतीचा झाला, त्याच सिद्धांताने पिढ्यानपिढ्या माणसांना सांगितलं की तुझा हा जन्म, ही जात, हे हाल म्हणजे तुझ्याच मागच्या जन्माची शिक्षा. ती शिक्षा मेल्यानंतरची नव्हती, इथेच पाणवठ्यावर भोगायची होती. आणि त्यांचे पूर्वज पिंड मागत होते तेव्हा मंत्र म्हणायला कोण गेलं होतं?

तेव्हा या इतिहासातून मी घेतलं ते एवढंच. कुठलाही धर्म पारखायचा तर त्याने स्वतःच्या माणसांना काय दिलं यापेक्षा बाहेरच्याच्या मेलेल्या आईबापांबद्दल तो काय म्हणतो ते आधी विचारावं. कोलेंझो, मॉरिस, फरार यांनी पोथी टाकून दिली नाही. ते शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिले, आणि त्यातल्या दोघांनी श्रद्धेच्या पोटीच नोकरी, प्रतिष्ठा पणाला लावली. त्यांना समोरच्याचा प्रश्न ऐकू आला होता. झेवियरनाही ऐकू आला होता, आणि त्यांनी तो लपवून न ठेवता पत्रात लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला कळतोय.

गोऱ्यांबद्दल मात्र माझं मन अजून ठरत नाही. पहिला ग्रंथ लिहिणारा मुलगा मला जास्त आवडतो हे कबूल. पण ज्याला उत्तर पटलेलं नाही आणि तरी जो ते जगाला समजावून सांगत राहतो, त्याच्या रात्री कशा जात असतील, हे मनातून जात नाही. तुमच्यापैकी कुणाकडे त्यांचं जुनं मराठी चरित्र किंवा पत्रं असली तर जरूर कळवा.